मेडिकल फेल: आखातातला कामगार आजारपणामुळे परत का पाठवला जातो

"सौदीले गेला होता, दोन महिन्यांत वापस आला." खामगाव, कारंजा, पुसद, उमरखेड या पट्ट्यात कोणाबद्दल असं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: असं काय करून आला? चोरी, मारामारी, दारू, जो तो आपापला अंदाज बांधतो. पुष्कळदा त्यानं काहीच केलेलं नसतं. छातीच्या एक्स-रेत एक डाग दिसलेला असतो, नाहीतर रक्ताच्या एखाद्या चाचणीपुढे 'पॉझिटिव्ह' लिहून आलेलं असतं. तेवढ्यावर नोकरी जाते, राहण्याचा परवाना जातो आणि माणूस विमानात बसवला जातो. डोक्यावरचं कर्ज तेवढं जागच्या जागी राहतं.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन या सहा देशांत मिळून नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. विदर्भातून जाणारे बहुतेक वेल्डर, प्लंबर, ड्रायव्हर, गवंडी, शटरिंगवाले, एसी मेकॅनिक. बाहेरून आलेल्या कामगाराला कोणता आजार चालतो आणि कोणता नाही, याबद्दल या सहाही देशांचे नियम बरेचसे सारखे आहेत. पण ते नीट समजून घेऊन निघणारे थोडे. बाकीच्यांचं ज्ञान म्हणजे एजंट जेवढं सांगेल तेवढं, आणि एजंटला विमान सुटेपर्यंतच रस असतो.

मेडिकल एकदा होत नाही, दोनदा होतं. सगळी गोम इथंच आहे.

पहिली तपासणी भारतात होते. सहा देशांच्या परिषदेनं मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ती करावी लागते. या व्यवस्थेला पूर्वी गामका म्हणायचे, आता 'वाफिद' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून केंद्र ठरतं. जुने लोक अजूनही "गामकाचं मेडिकल" असंच म्हणतात. आपल्याकडच्या पोरांची फेरी बहुधा मुंबईलाच होते. निकाल 'फिट' किंवा 'अनफिट' असा येतो आणि त्याची ऑनलाइन नोंद राहते. त्यामुळे सौदीसाठी अनफिट ठरलेला माणूस लगेच उठून कतारसाठी फिट होईल, हा भरवसा कोणी देत असेल तर तो देणाऱ्याकडे नीट पाहावं.

दुसरी तपासणी तिथं उतरल्यावर, त्या देशाचं सरकार करतं. कामाचा व्हिसा घेऊन आत जाता येतं, पण राहण्याचा परवाना (सौदीत इकामा, अमिरातीत निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी) या दुसऱ्या तपासणीनंतरच मिळतो. इथलं 'फिट' तिथं बांधील नाही. म्हणजे इथं फेल झालात तर गेली तपासणीची फी आणि रेल्वेचं भाडं. तिथं फेल झालात तर गेलं सगळंच: एजंटचे पैसे, तिकीट, सोडलेलं इथलं काम. वर परत आल्यावर लोकांचे प्रश्न.

बाद करणारी यादी साधारण अशी आहे. संसर्गजन्य आजारांत एचआयव्ही, टीबी, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, कुष्ठरोग, मलेरिया आणि हत्तीरोगाचे जंतू. बाकीच्यांत मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणं, हृदयाचा गंभीर आजार, कर्करोग, गंभीर मानसिक आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, ताब्यात नसलेली साखर. बायकांची गरोदरपणाची चाचणीही होते. प्रत्येक देशात थोडा फरक आहेच. अमिरातीत एचआयव्ही आणि टीबीची तपासणी सगळ्यांची होते, पण हिपॅटायटिस बीची सक्ती घरकाम, मुलं सांभाळणं, सलून, आरोग्यसेवा अशा ठरावीक कामांनाच आहे.

हत्तीरोगाचं नाव वाचून पूर्व विदर्भातल्या वाचकांनी कान टवकारले असतील. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. आशाताई घरोघरी येऊन समोर गोळ्या खायला लावतात त्या यासाठीच. पाय सुजायच्या कितीतरी आधीपासून रक्तात जंतू असू शकतात आणि माणसाला पत्ताही नसतो. ती गोळी तोंडात धरून मागच्या दारी थुंकणाऱ्यांत आखाताचा पासपोर्ट काढलेलीही पोरं असतात.

डाग आणि आजार

आता मुख्य मुद्दा. यातल्या काही चाचण्या आज अंगात आजार आहे का हे पाहत नाहीत. आजार कधी होऊन गेला होता का, एवढंच त्या सांगतात. आणि निर्णय मात्र आज आजार असल्यासारखा होतो.

टीबी घ्या. साधा, औषधांना दाद देणारा टीबी सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. योग्य औषधं सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. पण फुफ्फुसात जिथं जखम होती तिथं व्रण राहतो, लहानपणी भाजल्याचा डाग हातावर राहतो तसा. दहा वर्षांपूर्वी पूर्ण बरा झालेला माणूस एक्स-रे मशीनसमोर उभा राहिला तरी तो व्रण दिसतो. कधी कधी तर त्याला आपल्याला टीबी झाला होता हेही ठाऊक नसतं, कारण संसर्ग शरीरानं आपणच दाबून टाकलेला असतो आणि मागं चुन्यासारखा एक ठिपका उरलेला असतो. आखाताच्या नियमांत असा जुना ठिपकासुद्धा अनफिट ठरायला पुरतो. बेडका तपासला, त्यात एकही जंतू निघाला नाही, तरी.

हिपॅटायटिस सीचंही तसंच. पूर्वी हा आजार म्हणजे आयुष्यभराचं दुखणं होतं. आता रोज गोळ्या घेऊन बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांत बरे होतात आणि राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार २०१८ पासून सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पण प्राथमिक तपासणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात. विषाणू आत्ता आहे की नाही हे कळायला 'व्हायरल लोड' नावाची वेगळी चाचणी लागते. सिफिलिसच्या टीपीएचए चाचणीचीही हीच गत. पेनिसिलिन घेऊन माणूस बरा होतो, चाचणी मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते.

हिपॅटायटिस बीमध्ये एक गमतीशीर आणि महागात पडणारी गोष्ट आहे. या आजाराच्या लसीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिनच असतं, आणि चाचणीही नेमकं तेच प्रथिन शोधते. म्हणून लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे निरोगी माणसाची चाचणीही पॉझिटिव्ह दिसू शकते. परदेशी जायचं म्हणून शहाणपणानं लस घ्यावी आणि त्याच आठवड्यात मेडिकलला जावं, तर त्या शहाणपणाची शिक्षा मिळते. लस जरूर घ्या, पण मेडिकलच्या महिनाभर तरी आधी.

एचआयव्हीची गोष्ट वेगळी. तो विषाणू शरीरातून जात नाही, त्यामुळे तिथं 'जुना डाग' असा प्रकार नाही. पण आजच्या औषधांनी रक्तातला विषाणू इतका खाली जातो की चाचणीत सापडत नाही, आणि अशा माणसाकडून शारीरिक संबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता वैद्यकशास्त्रानं स्वीकारलेलं आहे. सोबत जेवून, एका खोलीत राहून, एका साइटवर काम करून एचआयव्ही पसरत नाही हे तर गावच्या शाळेच्या भिंतीवरही रंगवलेलं असतं. तरी आखाती देशांत कामगार पॉझिटिव्ह निघाला की फेरतपासणी होते आणि खात्री पटली की त्याला परत पाठवतात. ही बंदी फक्त आखातातच होती असंही नाही. अमेरिकेनं १९८७ पासून एचआयव्हीबाधित परदेशी लोकांना दार बंद केलं होतं, ते २०१० मध्ये उघडलं. चीननंही आपली बंदी त्याच वर्षी उठवली.

परवाना कोणाच्या हातात

अशा कामगाराला कोर्टात उभं करत नाहीत. त्याच्यावर आरोप नसतो, म्हणून बचावाचीही सोय नसते. आपल्या देशात कोणाला राहू द्यायचं हा ज्या त्या सरकारचा अधिकार. वैद्यकीय दाखला नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर मुक्काम बेकायदा, एवढी सरळ साखळी आहे. त्यातच परवाना मालकाशी, म्हणजे कफीलशी बांधलेला. नोकरी संपली की राहण्याचं कारण संपलं. गेल्या काही वर्षांत कतारसारख्या देशांनी नोकरी बदलण्याचे नियम सैल केले, पण वैद्यकीय अट तशीच आहे.

ती एकदाच नडते असंही नाही. परवान्याचं नूतनीकरण दर एक-दोन वर्षांनी होतं आणि तपासणी पुन्हा होऊ शकते. समजा दिग्रसकडचा एक वेल्डर सहा वर्षांपूर्वी धडधाकट गेला. लेबर कॅम्पच्या एका खोलीत आठ-दहा जण, वर-खाली पलंग, एसीसाठी खिडक्या कायम बंद. टीबी पसरायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. नूतनीकरणाच्या वेळी त्याच्या एक्स-रेत टीबी दिसला. लागण तिथंच झाली असण्याची दाट शक्यता आहे, घाम तिथं गाळला, पण परतीचं तिकीट मात्र त्याच्या नावावर. मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात अन्यायाचा भाग हाच वाटतो. इथून जाणाऱ्याला तपासणं समजू शकतं. तिथं आजारी पडलेल्याला वापरून टाकून देणं समजत नाही.

अमिरातीनं २०१६ मध्ये याच बाबतीत नियम बदलला. आधीपासून तिथं राहणाऱ्याला नूतनीकरणाच्या वेळी टीबी किंवा टीबीचा जुना व्रण आढळला, तर एका वर्षाचा सशर्त दाखला देऊन उपचार आणि देखरेख करायची, थेट परत पाठवायचं नाही, असं ठरलं. नव्यानं जाणाऱ्याला ही सवलत नाही. तरी एक गोष्ट त्यातून कळते: टीबी झालेल्या कामगाराला ठेवून घेऊन बरं करणं शक्य आहे आणि त्यानं आभाळ कोसळत नाही.

या देशांची बाजूही आहेच. परदेशी कामगारांची संख्या काही ठिकाणी तिथल्या नागरिकांपेक्षा जास्त आहे, आणि एवढ्यांच्या दीर्घ उपचारांचा खर्च सरकारी दवाखान्यांनी का उचलावा, असा त्यांचा सवाल असतो. सार्वजनिक आरोग्याचं कारण मात्र मला पटत नाही. खोकल्याबद्दल डॉक्टरकडे गेलं की नोकरी जाते हे कळलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही. मेडिकलवाल्याकडून खोकल्याचं औषध घेतो आणि त्याच खोलीत महिनोन्महिने खोकत राहतो. बाकीच्या नऊ जणांचं आरोग्य यातून कसं जपलं जातं?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१० साली शिफारस क्रमांक २०० मंजूर केली. एचआयव्ही आहे म्हणून कामगाराला स्थलांतरापासून रोखू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. शिफारसच ती, पाळायची सक्ती कोणावर नाही. भारताचा एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीत भेदभाव करायचा नाही, संमतीशिवाय चाचणी करायची नाही, निकाल गुप्त ठेवायचा, हे सगळं त्यात आहे. रियाधच्या सरकारला तो बांधत नाही. मुंबईतल्या केंद्राला बांधतो. रिपोर्ट एजंटच्या हाती पडून तिथून गावच्या चौकात फुटला, तर कायद्याचा तो भंग भारतातच झालेला असतो.

आपण तरी बोट किती दाखवायचं म्हणा. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणं ही आपल्याच गावांची रीत होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी वसाहती उभ्या केल्या, त्या घरून हाकललेल्या माणसांसाठीच. बरं झालेल्या कुष्ठरोग्याला परत घरात घ्यायला तेव्हा किती घरं तयार होती, हे जुन्या लोकांना विचारून पाहा.

पैसे देण्याआधी

सगळ्यात कामाची गोष्ट ही: एजंटला एक रुपया देण्याआधी आपली तपासणी आपण करून घ्या. सावकाराकडे, सोनाराकडे जायच्या आधी. एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि नाव बाहेर जात नाही. काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. छातीचा एक्स-रे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात काढून मिळतो. हिपॅटायटिस बी आणि सी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) यांची रक्ततपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते. एक्स-रेत काही दिसलं तर बेडक्याची तपासणी करून घ्या. आजार असेल तर उपचार सुरू होतील, नसेल आणि नुसता जुना डाग असेल तर हा रस्ता आपल्यासाठी बंद आहे हे घर गहाण न टाकता तरी कळेल.

रक्तदाबाचं एक सांगतो. विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर दाराशी बसून, सकाळी रिकाम्या पोटी तंबाखू मळत रांगेत उभं राहिलं तर चांगल्याचाही रक्तदाब चढेल. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा आणि झोपा.

"अनफिटचं फिट करून देतो, वरचे पंधरा हजार लागतील" म्हणणारे भेटतात. रक्त दुसऱ्याचं, एक्स-रे तिसऱ्याचा. असं 'फिट' घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या तपासणीत सापडतो, कारण तिथं रक्त त्याचंच काढलं जातं. पंधरा हजारांत त्यानं विकत घेतलेला असतो तो स्वतःच्याच हद्दपारीचा दाखला.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. त्यांना आखातात कामाला जाताना ई-मायग्रेट यंत्रणेतून सरकारी मंजुरी घ्यावी लागते. एजंट ही पायरी टाळून व्हिजिट व्हिसावर पाठवायला बघतात, आणि पोरांनाही लवकर जायची घाई असते. पण त्या मंजुरीबरोबरच प्रवासी भारतीय विमा योजना येते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण, हे काहींना माहीत असतं. त्याच योजनेत आणखी एक कलम आहे, ते कोणी सांगत नाही: पहिल्या बारा महिन्यांत कामगार आजारी पडला किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला आणि मालकानं करार तोडला, तर परतीच्या साध्या वर्गाच्या तिकिटाचा खर्च विमा कंपनी देते. त्यासाठी परत येण्याचं कारण भारतीय दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला यातलं काहीच नाही.

नोंदणीकृत एजंट तीस हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. आपल्याकडे याच्या कितीतरी पट पैसे मोजले जातात, तेही रोख, पावतीशिवाय. त्याचा परवाना खरा आहे का हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर दिसतं.

तिथं फेल झालात तर

घाबरून सगळ्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत. अरबीतल्या कागदावर तर मुळीच नाही. त्यात "माझी सगळी देणी मिळाली" असं लिहिलेलं असू शकतं. वैद्यकीय रिपोर्टची प्रत मागा, मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवा. करार, पासपोर्ट, व्हिसा यांचेही फोटो. काम केलेल्या दिवसांचा पगार बाकी असतो, तो आजारामुळे बुडत नाही. फेरतपासणीची मागणी करा, कारण एका चाचणीचा निकाल चुकू शकतो. दूतावासात समाजकल्याण अधिकारी असतो आणि अडकलेल्यांच्या तिकिटासाठी, तात्पुरत्या आसऱ्यासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. घरच्यांना 'मदद' या सरकारी पोर्टलवर इथूनच तक्रार नोंदवता येते.

टीबीचे उपचार तिथं सुरू झाले असतील तर कोणत्या तारखेपासून कोणती औषधं दिली हे लिहून घेतल्याशिवाय निघू नका. विमानातून उतरून गावी येईपर्यंत, मग लाजेपायी आणखी पंधरा दिवस, असं करत औषधं तुटतात आणि साध्या टीबीचा औषधांना न जुमानणारा टीबी होतो. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद झाली की औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेचे पैसेही खात्यात जमा होतात. आधी महिन्याला पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. एचआयव्हीची औषधं यवतमाळ, अकोला, नागपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एआरटी केंद्रांत मोफत आहेत आणि निदान झालं की लगेच सुरू होतात. जाताना तिथला रिपोर्ट बरोबर न्या. केंद्रावर चाचणी पुन्हा करतीलच.

राहिला एजंटकडचा पैसा. पावती असेल आणि एजंट नोंदणीकृत असेल तर ई-मायग्रेटवर किंवा मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात तक्रार करता येते. नोंदणीच नसेल तर माणसं परदेशी पाठवण्याचा त्याचा धंदाच १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार गुन्हा आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात होते. तिथं गेल्यावर एजंट बहुधा गावातलाच, नात्यातलाच निघतो, आणि मग "घरातलं घरात मिटवू" सुरू होतं. मिटवायचं असेल तरी रक्कम आणि तारीख कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मिटवा.